वाचकांचे प्रश्न : कागदावर छापलेले नाक

गेल्या अंकात छापील इलेक्ट्रॉनिक्सवर एक लेख आला होता. त्यात अमेरिकेतील जॉर्जिया टेक रिसर्च इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये केलेल्या एका सेन्सरचा उल्लेख जेमतेम एका परिच्छेदात होता. कागदावर किंवा लवचीक प्लास्टिकवर इंकजेट पद्धतीने छापलेला हा सेन्सर हवेतला अमोनिया दहा लाख रेणूंत पाच इतक्या अत्यल्प प्रमाणात असला तरी ओळखतो, आणि अनेक स्फोटकांशी अमोनियाचा संबंध असल्याने सुरक्षेसाठी त्याचा उपयोग होऊ शकतो, एवढेच तिथे सांगितले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मात्र त्याच परिच्छेदाविषयी आहेत. १९९३, २००६ आणि २०११ ही सालेच ज्या राज्यात दुखऱ्या आठवणी होऊन बसली आहेत, तिथल्या वाचकांना हा विषय जवळचा वाटावा हे स्वाभाविक आहे. निवडलेल्या प्रश्नांची उत्तरे या वेळी थोडी विस्ताराने देत आहे.

सेन्सर ‘छापतात’ म्हणजे नेमके काय करतात? त्या शाईत काय असते?
— अभियांत्रिकी पदविकेची विद्यार्थिनी, सांगली

छापलेला सेन्सर तुम्ही बहुधा पाहिलेला आहे. घरात कोणाला मधुमेह असेल, तर रक्तातील साखर मोजण्यासाठी यंत्रात जी छोटी पट्टी घालतात, ती उजेडात धरून पाहा. तिच्यावरच्या काळसर रेघा कार्बनच्या शाईने छापलेल्या असतात, आणि अशा पट्ट्यांपैकी कितीतरी पट्ट्या स्क्रीन प्रिंटिंगनेच तयार होतात. लग्नपत्रिका छापणारा कारागीर ताणून बसवलेल्या जाळीवर शाई ओततो आणि रबराच्या पट्टीने ती एका दमात ओढतो. तीच ही कृती. फरक एवढाच की या शाईतून वीज वाहते.

वायू ओळखणाऱ्या पट्टीत साधारणपणे दोन थर असतात. पहिला थर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या शाईचा. त्याने एकमेकांत दात गुंतवलेल्या, पण कुठेही न टेकणाऱ्या दोन कंगव्यांसारखी नक्षी छापतात. ही शाई सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की कण एकमेकांना चिकटतात आणि वाहक रेघ तयार होते. तापमान इतके कमी ठेवता येते म्हणूनच कागद किंवा पातळ प्लास्टिक वापरता येते. त्याहून अधिक उष्णता द्यायची असेल, तर कॅप्टॉन या नावाने ओळखली जाणारी, पॉलिइमाइड या प्लास्टिकची पिवळसर-तपकिरी फिल्म घेतात, कारण ती भट्टीची उष्णता सहज सोसते. दुसरा थर या कंगव्यांच्या दातांवर पसरलेला असतो आणि खरे काम तोच करतो. जॉर्जिया टेकमधील कृष्णा नैषधम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सेन्सरमध्ये हा थर कार्बन नॅनोट्यूबचा आहे.

नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड पापुद्र्याची गुंडाळलेली नळी. एकपदरी नळीचा व्यास जेमतेम एक-दोन नॅनोमीटर असतो. तिचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो, ‘आत’ असे काही उरतच नाही. त्यामुळे बाहेरचा एखादा रेणू येऊन चिकटला तरी नळीतून वाहणाऱ्या विजेला त्याची दखल घ्यावी लागते. अमोनिया नळीला इलेक्ट्रॉन देतो आणि तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि रोध कमी होतो. ही गोष्ट स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली दाखवून दिली. छपाई त्यानंतरची.

ऐकायला हे सोपे वाटते, पण शाईच सगळ्यात जास्त छळते. नॅनोट्यूब एकमेकींना घट्ट बिलगतात आणि त्यांचे जुडगे तयार होतात. इंकजेटच्या एका थेंबाचे आकारमान इतके लहान असते की असे लाख कोटी थेंब गोळा केले, तर कुठे दहा लीटरची एक बादली भरेल. तो थेंब ज्या छिद्रातून पडतो त्यात एक जुडगा अडकला की छपाई तिथेच थांबते. यावर उपाय म्हणून शाई ध्वनितरंगांच्या टाकीत ठेवून जुडगे सुटे करतात. मी या कामात होतो तेव्हा आमची अर्धी सकाळ त्या टाकीच्या बारीक गुणगुणीत आणि उरलेली अर्धी छिद्रे पुसण्यात जात असे.

दहा लाख रेणूंत अमोनियाचे पाच रेणू असले तरी हा सेन्सर ओळखतो, असे आपण लिहिले होते. एवढे साधत असेल, तर आरडीएक्स ओळखणे अवघड का असावे?
— निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, नाशिक

सर, आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या क्षेत्रातील सगळी अडचण त्यात आली आहे.

दहा लाखांत पाच ही संवेदनशीलता छापलेल्या पट्टीसाठी खरोखरच चांगली आहे. पण स्फोटके वास सोडण्याच्या बाबतीत फार कंजूष असतात. बंद डबीत टीएनटी हे स्फोटक ठेवले, २५ अंश तापमानाला हवा त्याच्या बाष्पाने पूर्ण भरू दिली, तरी दर अब्ज रेणूंमागे टीएनटीचे रेणू दहाच्या आतच असतात. आरडीएक्सच्या बाबतीत हा आकडा दर लाख कोटी रेणूंमागे पाचच्या आसपास येतो. आता गुणोत्तर काढून पाहा. जी पट्टी दहा लाखांत पाच ओळखते, ती आरडीएक्सचे बाष्प ओळखण्यासाठी दहा लाख पट अधिक तीक्ष्ण व्हावी लागेल. शिवाय हे आकडे बंद डबीतले आहेत. उघड्या हवेत वाऱ्याची झुळूक आली की ते आणखी खाली जातात. तापमान दहा अंशांनी वाढले तर टीएनटीचे बाष्प साधारण तिप्पट-चौपट होते, म्हणजे एकच पट्टी डिसेंबरात आणि मे महिन्यात एकसारखे उत्तर देणार नाही.

म्हणूनच ‘स्फोटकांचा वास ओळखणारा सेन्सर’ असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. कोणत्या पदार्थाचा वास, हे आधी विचारायला हवे. खत म्हणून आणि स्फोटकांतही वापरल्या जाणाऱ्या अमोनियम नायट्रेटसारख्या पदार्थातून थोडा अमोनिया सुटतो, तिथे जॉर्जिया टेकची पट्टी उपयोगी पडण्याची आशा आहे. टीएनटीसाठी वेगळी युक्ती लागते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील टिमथी स्वेगर यांनी १९९८ मध्ये अशी एक युक्ती मांडली आणि मला ती आजही अत्यंत सुंदर वाटते. त्यांनी असे बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) तयार केले की त्यावर विशिष्ट प्रकाश टाकल्यास ते चमकते. त्याच्या लांब साखळीत कुठेही प्रकाशाची ऊर्जा शोषली गेली की ती साखळीभर भटकते. टीएनटीच्या रेणूला इलेक्ट्रॉनची हाव असते. असा एक रेणू साखळीवर कुठेही येऊन बसला की भटकती ऊर्जा त्याच्यापाशी येऊन विझते, आणि एका कडीऐवजी साखळीचा मोठा भाग अंधारतो. दिव्यांच्या माळेतला एक दिवा गेल्यावर सगळी माळ बंद पडते, तसेच काहीसे. या तत्त्वावर ‘फायडो’ नावाचे हातात धरण्याचे उपकरण तयार झाले आणि ते प्रत्यक्ष वापरातही आले.

दुसरा मार्ग कायद्यातून निघाला. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकर्बी येथे पॅन ॲमचे विमान उडवले गेले आणि २७० माणसे गेली. त्यानंतर १९९१ मध्ये माँट्रियल येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. कारखान्यात तयार होणाऱ्या प्लास्टिक स्फोटकांत ठरावीक चार रसायनांपैकी एक मिसळलेच पाहिजे, असे त्याने बंधन घातले. ही रसायने मूळ स्फोटकापेक्षा कितीतरी अधिक बाष्प सोडतात. त्यांपैकी डीएमएनबी नावाच्या रसायनाचा एरवी व्यवहारात जवळपास काहीच उपयोग नाही, त्यामुळे ते हवेत आढळले तर शंकेला फारशी जागा उरत नाही. ज्याला स्वतःचा वास नाही, त्याला वास लावून दिला. घरगुती गॅसच्या सिलिंडरच्या बाबतीतही आपण हेच करतो.

तिसरा मार्ग म्हणजे बाष्पाचा नाद सोडून कण शोधणे. विमानतळावर कर्मचारी बॅगेवरून कापडाची पट्टी फिरवतो आणि ती यंत्रात सरकवतो, ते याचसाठी. स्फोटक हाताळलेल्या बोटाच्या एका ठशात जेवढा माल असू शकतो, तेवढा आसपासच्या कितीतरी लीटर हवेत नसतो. यंत्र तो कण तापवून त्याची वाफ करते आणि मग तपासते. छापील पट्टीवाल्यांनीही हा धडा घेतला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील जोसेफ वांग यांच्या गटाने २०११ मध्ये पाणबुड्यांच्या निओप्रीन या कृत्रिम रबराच्या पोशाखावरच कार्बनचे इलेक्ट्रोड छापले आणि समुद्राच्या पाण्यात विरघळलेले टीएनटी ओळखून दाखवले. तिथे वाफेची वाट पाहण्याचे कारणच नव्हते.

माझे खतांचे दुकान आहे. असे सेन्सर सगळीकडे बसले, तर माझ्या दुकानातून निघालेल्या प्रत्येक ग्राहकाला पोलीस अडवणार का?
— खतविक्रेते, जालना

तुमची काळजी रास्त आहे, आणि संशोधकांनीही तितक्याच गांभीर्याने तिची दखल घ्यायला हवी असे माझे मत आहे. अमोनिया ही काही केवळ स्फोटकांची खूण नव्हे. ओलसर युरियाचा दर्प, गोठा, सार्वजनिक मुतारी, काच पुसण्याचे द्रावण, बोंबील वाळत घातलेली ओटी, या सगळ्यांत अमोनिया किंवा त्याची भावंडे असतात. केवळ अमोनिया ओळखणारी एकटी पट्टी म्हणूनच पुरावा ठरू शकत नाही. फार तर ती ‘इथे आणखी तपासा’ एवढे सांगू शकते.

म्हणून आता एकाच कागदावर सहा-आठ वेगवेगळे थर शेजारी शेजारी छापतात. एक थर अमोनियाला अधिक दाद देतो, दुसरा टीएनटीसारख्या नायट्रोयुक्त पदार्थांना, तिसरा मद्यार्काला, चौथा फक्त आर्द्रतेला. कोणताही एक थर खात्रीचा नसतो, पण सगळ्यांचे उत्तर मिळून जी आकृती तयार होते ती प्रत्येक वासाची वेगळी असते. छपाईचा खरा फायदा मला इथे दिसतो. आठ थर छापायला एका थराच्या आठपट खर्च येत नाही.

कायद्याची बाजूही सांगतो. केंद्र सरकारने २०११ मध्ये ४५ टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेली मिश्रणे स्फोटक म्हणून घोषित केली आणि २०१२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम आणले. युरिया हा वेगळा पदार्थ आहे आणि तो या व्याख्येत येत नाही.

मी श्वानपथकात नोकरी केली आहे. यंत्र आले की कुत्र्यांची गरज संपेल असे वीस वर्षे ऐकतो आहे. आपले मत काय?
— निवृत्त पोलीस कर्मचारी, नागपूर

आपण ज्यांच्याबरोबर काम केले, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईत दडवलेला आरडीएक्सचा साठा शोधून देणाऱ्या जंजीर या लॅब्राडोरचे नाव आजही लोक प्रेमाने घेतात. माझे मत असे की गरज संपणार नाही, आणि त्याचे कारण नाकाच्या तीक्ष्णतेइतकेच हुंगण्याच्या पद्धतीतही आहे.

कुत्रा हुंगताना सेकंदाला साधारण पाच वेळा श्वास आत-बाहेर करतो. बाहेर पडणारा श्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून खाली व मागे फेकला जातो, आणि त्या झोतामुळे समोरची नवी हवा नाकाकडे ओढली जाते. श्वास सोडत असतानाही वास पुढे सरकत राहतो. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये लॅब्राडोरच्या नाकाची त्रिमितीय छपाईने प्रतिकृती केली आणि बाजारात मिळणाऱ्या एका स्फोटकशोधक यंत्राच्या तोंडाशी ती बसवली. यंत्राचा आतला सेन्सर तसाच ठेवला, त्याला फक्त कुत्र्यासारखे हुंगायला लावले. चार सेंटिमीटर अंतरावर यंत्राची क्षमता सोळा पट वाढली.

हा प्रयोग वाचल्यापासून माझी या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आम्ही इतकी वर्षे शाई सुधारण्यात घालवली. पण भिंतीवर चिकटवलेली पट्टी हुंगत नाही, हवा तिच्यापर्यंत येईल तेव्हा येईल म्हणून वाट पाहत बसते. जिथे हवा वाहती आहे, म्हणजे वातानुकूलनाचा मार्ग, कंटेनरची झडप, बोगद्याचा पंखा, तिथे अशा पट्टीला अर्थ आहे. कुत्रा थकतो, त्याला विश्रांती लागते, त्याला हाताळणारा माणूस एकच असतो. पट्टी दिवसरात्र जागी राहते. जिथे शोधत फिरावे लागते, वास कुठून येतो याचा माग काढावा लागतो, तिथे आपल्या सहकाऱ्याला पर्याय नाही. आपल्या वेळी पथकाकडे पुण्याच्या सुतारवाडीतील एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केलेली तपासणी-पेटी आली असेल, तर हे आपल्याला सहज पटेल. तिच्यातली रसायने नमुन्यावर टाकली की काही मिनिटांत बदललेल्या रंगावरून स्फोटकाचा वर्ग कळतो. पण तो नमुना कुठला घ्यायचा, हे बहुतेक वेळा कुत्राच दाखवतो.

लोकलच्या प्रत्येक डब्यात अशा स्वस्त पट्ट्या का लावत नाहीत?
— नियमित प्रवासी, डोंबिवली

तुमच्या प्रश्नामागची कळकळ मला समजते. ११ जुलै २००६ ची संध्याकाळ कोणताही लोकलचा प्रवासी विसरलेला नाही. पण एक हिशेब करून पाहू. समजा, पट्टी फार चांगली आहे आणि हजार प्रवाशांमागे एकदाच चुकीचा इशारा देते. दिवसाला दहा लाख माणसे तिच्यासमोरून गेली, तर रोज हजार खोटे इशारे येतील. तिसऱ्या दिवसापासून पोलीस त्यांच्याकडे लक्ष देणे सोडतील, आणि ज्या दिवशी इशारा खरा असेल त्या दिवशीही कोणी हलणार नाही. खोटा इशारा हा न दिलेल्या इशाऱ्याइतकाच मोठा दोष आहे, असे मला वाटते.

दुसरा अडथळा पावसाळ्याचा. प्रयोगशाळेत छापलेल्या आमच्या पहिल्याच पट्टीवर मी नुसता श्वास सोडला, आणि रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरवरचा आकडा अमोनियाने हलवला होता त्याहून अधिक हलला. श्वासातल्या दमटपणाने एवढे होत असेल, तर जुलैत ओल्या छत्र्या आणि भिजलेले कपडे घेऊन शे-दोनशे माणसे ज्या डब्यात उभी असतात, तिथे काय होईल याची कल्पना करता येते. यावर उपाय आहेत. शेजारी एक झाकलेली पट्टी छापून तिच्याशी तुलना करतात, किंवा वर पाणी दूर ठेवणारा पातळ थर देतात. पण प्रत्येक उपायाने संवेदनशीलता थोडी घटते.

आपल्याकडच्या कामाचाही उल्लेख करायला हवा. पवई येथील आयआयटी मुंबईत प्रा. रामगोपाल राव यांच्या गटाने सूक्ष्म तरफांवर दीर्घकाळ काम केले. पोहायच्या तलावावरच्या फळीसारखी एका टोकाला बांधलेली ही तरफ केसाहून बारीक असते आणि स्फोटकाचे रेणू बसले की किंचित वाकते. त्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या नॅनोस्निफ कंपनीचे मायक्रोस्निफर हे उपकरण एप्रिल २०२१ मध्ये सादर झाले, आणि ते नॅनोग्रॅम इतके स्फोटक दहा सेकंदांच्या आत ओळखते असे त्या वेळी सांगण्यात आले. हे उपकरण छापील पट्टी नव्हे, आणि ते डब्यात चिकटवण्यासाठीही नाही. तपासनीसाने हाताशी ठेवण्याचे आहे. सध्या तरी मला हीच दिशा अधिक भरवशाची वाटते.

मी आठवीत आहे. घरी असा सेन्सर करता येईल का?
— विद्यार्थिनी, चिपळूण

स्फोटकांच्या किंवा उग्र रसायनांच्या वाटेला मुळीच जाऊ नकोस. त्यांच्याशिवायही पुष्कळ शिकता येते. २०१२ मध्ये प्रा. स्वेगर यांच्याच प्रयोगशाळेत नॅनोट्यूबची भुकटी दाबून पेन्सिलीत शिसे भरतात तशी भरली, आणि तिने कागदावर नुसती रेघ ओढून अमोनिया ओळखणारा सेन्सर केला. छपाईयंत्रसुद्धा लागले नाही.

तुझ्याकडे नॅनोट्यूब नाहीत, पण साध्या पेन्सिलीतले ग्रॅफाइटही कार्बनच आहे आणि त्यातून वीज वाहते. ६बी किंवा ८बी पेन्सिल घे, जाडसर कागदावर पाच सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टा गडद रंगव, आणि शाळेतल्या मल्टिमीटरची दोन टोके दोन बाजूंना चिमट्यांनी लाव. रोधाचा आकडा वहीत लिही. आता पट्टा बाहेरच्या बाजूला राहील असा कागद हलकेच वाकव, मग आतल्या बाजूला राहील असा वाकव, आणि दोन्ही वेळचे आकडे लिही. पहिल्या वेळी ग्रॅफाइटचे पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात, म्हणून रोध वाढतो. दुसऱ्या वेळी ते जवळ येतात आणि तो कमी होतो. कागद नुसता वाकला की वास आला, हे पट्टीला कसे कळावे, या प्रश्नावर लवचीक सेन्सर करणारे सगळेच अडतात. तुला काही सुचले, तर आकड्यांसह आम्हाला कळव.